मृदुभाषी गायक रॉय ऑर्बिसन

पाश्चात्य देशांत १९५० नंतरच्या दशकांत 'रॉक अँड रोल' या नांवानें जें संगीत उदयास आलें, त्याविषयींची सर्वसामान्य कल्पना फारशी सौम्य नाहीं. विजेवर वाजणाऱ्या गिटारीचा झणझणाट, ढोलांचा अखंड ठेका, रंगमंचावर थयथयाट करणारा गायक आणि त्याच्यासमोर देहभान विसरलेला तरुणांचा समुदाय, असें कांहींसें चित्र त्या नांवाबरोबर डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र सर्वस्वीं खोटें आहे असें नाहीं. परंतु याच संगीताच्या अग्रगण्य गायकांत एक पुरुष असा होऊन गेला कीं, जो रंगमंचावर येऊन एकाच जागीं निश्चल उभा राही. ज्याचे डोळे काळ्या चष्म्याआड असत. ज्याचे ओठहि गातांना फारसे हालत नसत. आणि दोन गाण्यांच्या मध्यें आभाराचे चार शब्द बोलावयाचे, तर तेहि जो संकोचानें, हळू आवाजांत बोले. या गायकाचें नांव रॉय केल्टन ऑर्बिसन. २३ एप्रिल १९३६ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत त्याचा जन्म झाला, आणि ६ डिसेंबर १९८८ रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, तो हृदयविकारानें मृत्यु पावला.

कलावंताचें आयुष्य आणि त्याची कला यांचा संबंध कसा असतो, हा प्रश्न फार जुना आहे. ऑर्बिसनच्या बाबतींत या प्रश्नाचें एक सोपें उत्तर सर्वतोमुखीं झालेलें आहे. त्याचीं गाणीं दुःखाचीं आहेत, त्याचें आयुष्यहि दुःखानें भरलेलें होतें. तेव्हां त्या दुःखांतूनच तीं गाणीं जन्मास आलीं, असें हें उत्तर. ऐकतांना तें पटण्यासारखें वाटतें. परंतु त्याच्या आयुष्यांतील सालांचा क्रम नीट लावून पाहिला, म्हणजे तें टिकत नाहीं. आणि तें बाजूस सारल्यावर जो माणूस दिसूं लागतो, तो अधिक आदरास पात्र वाटतो.

रॉयचा जन्म व्हर्नन या गांवीं झाला. बाप तेलाच्या विहिरींवर काम करी. आई रुग्णपरिचारिका होती. मुलाची दृष्टि अधू होती आणि चौथ्या वर्षापासूनच त्याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा आला. सहाव्या वाढदिवशीं बापानें त्याच्या हातीं एक गिटार दिली आणि तेव्हांपासून ती त्याची सोबतीण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हें कुटुंब कामधंद्यासाठीं फोर्ट वर्थ शहरीं गेलें. पुढें १९४६ सालीं तें पश्चिम टेक्सासांतील विंक या लहानशा गांवीं येऊन राहिलें. फुटबॉल, तेल, वंगण आणि वाळू यांपलीकडे त्या गांवांत कांहीं नव्हतें, अशा आशयाचें वर्णन ऑर्बिसननें नंतरच्या काळांत केलेलें आहे. जेथें मैदानावरील धसमुसळेपणालाच पुरुषार्थ समजत, अशा ठिकाणीं अंगानें नाजूक, डोळ्यांनीं अधू आणि स्वभावानें लाजाळू अशा मुलाचें मन कोठें रमणार? तें गाण्यांत रमलें. शाळेंत असतांनाच त्यानें चार मित्र जमवून 'विंक वेस्टर्नर्स' नांवाचा वाद्यवृंद उभा केला. डेंटन येथील महाविद्यालयांत भूगर्भशास्त्राचा अभ्यास करावा आणि तेलाच्याच धंद्यांत शिरावें, असाहि एक विचार होता. परंतु तो फार दिवस टिकला नाहीं.

त्या काळीं मेम्फिस शहरांत सॅम फिलिप्स या गृहस्थाची 'सन' नांवाची ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था होती. एल्विस प्रेस्ली, जॉनी कॅश, कार्ल पर्किन्स, जेरी ली लुईस हे गायक तेथूनच पुढें आले. १९५६ सालीं ऑर्बिसनची 'ऊबी डूबी' ही तबकडी या संस्थेनें काढली व ती बऱ्यापैकीं खपली. परंतु तें गाणें त्याच्या पिंडाचें नव्हतें. फिलिप्सला हवीं होतीं द्रुत लयीचीं, पायांना नाचविणारीं गाणीं. ऑर्बिसनचा ओढा होता संथ आणि भावपूर्ण गाण्यांकडे. भांडण करून आपलें म्हणणें पुढें रेटावें, हा त्याचा स्वभाव नव्हता. हळूहळू तो तेथून बाजूस झाला आणि नॅशव्हिल शहरांत दुसऱ्यांसाठीं गाणीं लिहूं लागला. १९५७ सालीं क्लॉडेट नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला होता. तिच्याच नांवाचें एक गाणें त्यानें रचलें, आणि १९५८ सालीं एव्हर्ली बंधूंनीं तें गाऊन लोकप्रिय केलें.

त्याचें खरें तेज प्रगट झालें तें १९६० सालीं. फ्रेड फॉस्टर यांच्या 'मॉन्युमेंट' संस्थेसाठीं त्यानें 'ओन्ली द लोन्ली' हें गाणें म्हटलें. जो मेल्सन या मित्राच्या सहकार्यानें रचलेलें हें गीत अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत दुसऱ्या, तर इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. त्यानंतरच्या चार वर्षांत 'रनिंग स्केअर्ड', 'क्राइंग', 'इन ड्रीम्स', 'इट्स ओव्हर' आणि 'ओ, प्रिटी वुमन' अशीं एकामागून एक गाणीं बाहेर पडलीं व ऑर्बिसनचें नांव जगभर झालें.

या गाण्यांचें वैशिष्ट्य समजून घेण्यासारखें आहे. त्या वेळच्या लोकप्रिय गाण्यांची बांधणी ठरलेली असे: एक कडवें, मग ध्रुवपद, पुन्हां कडवें, पुन्हां तेंच ध्रुवपद. ऑर्बिसननें हा सांचा मोडला. 'रनिंग स्केअर्ड' या गाण्यास ध्रुवपदच नाहीं. तें अगदीं हलक्या आवाजांत, जवळजवळ पुटपुटल्याप्रमाणें सुरू होतें आणि स्पॅनिश पद्धतीच्या एकाच ठेक्यावर पायरीपायरीनें चढत जातें. वाद्यें वाढत जातात, आवाज वाढत जातो आणि अखेरच्या एका तार स्वरावर येऊन सारा डोलारा थांबतो. 'इन ड्रीम्स' या गाण्यांत तर एक भाग संपला कीं तो पुन्हां येतच नाहीं. नव्या भागांतून नवी चाल, असा प्रवास तीन मिनिटांच्या आंत पुरा होतो. खर्जापासून तार सप्तकापर्यंत सहज फिरणाऱ्या गळ्यावांचून अशा रचना पेलणें शक्यच नव्हतें.

'रनिंग स्केअर्ड'च्या ध्वनिमुद्रणाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. शेवटचा तार स्वर ऑर्बिसन प्रथम त्या बारीक, कृत्रिम आवाजांत घेत होता, ज्यास आपले गवई चोरटा आवाज म्हणतात. परंतु वाद्यमेळाच्या कल्लोळांत तो बुडून जाई. वाद्यांचा आवाज कमी करतां येत नाहीं, हें फॉस्टरनें त्यास सांगितलें. ऑर्बिसननें वाद केला नाहीं. पुढच्या खेपेस त्यानें तोच स्वर पूर्ण, मोकळ्या, छातीच्या आवाजांत लावला. आणि तो इतका अनपेक्षित होता कीं वादकहि चकित होऊन पाहूं लागले. मृदु स्वभावाच्या माणसांत बळ कोणत्या जागीं सांठलेलें असतें, याचें हें एक उदाहरण म्हणतां येईल.

आणि या गाण्यांतून तो सांगत काय होता? त्या काळच्या तरुण गायकांची ऐट ठरलेली होती. छाती पुढें काढावी, प्रेयसीवर हक्क सांगावा, प्रतिस्पर्ध्यास आव्हान द्यावें, ही त्यांची तऱ्हा. ऑर्बिसनच्या गाण्यांतील पुरुष घाबरतो. आपण एकाकी आहों, हें तो कबूल करतो. जुनी प्रिया भेटली असतां तो वरकरणी हंसतो आणि ती गेल्यावर रडतो, व रडलों असें सांगतोहि. पुरुषानें रडणें म्हणजे नामुष्की, असें मानणाऱ्या समाजांत हें गाणें हजारों तरुणांनीं उराशीं धरलें. आपल्या मनांत जें होतें पण ओठांवर येत नव्हतें, तें कोणीतरी निःसंकोचपणें बोलून दाखविलें, असें त्यांस वाटलें असावें.

ज्या काळ्या चष्म्यामुळें तो पुढें ओळखला जाऊं लागला, त्याची कथा अगदीं साधी आहे. १९६३ सालीं एका प्रवासांत नेहमींचा चष्मा विमानांत राहून गेला. जवळ होता तो उन्हांत वापरावयाचा, नंबराच्या काळ्या भिंगांचा चष्मा. तोच लावून त्याला रंगमंचावर जावें लागलें. लोकांस तो आवडला आणि लाजाळू माणसास तर तो आडोशासारखा सोयीचाच वाटला. मग तो कायमचा झाला. पुष्कळांचा असा समज झाला कीं, हा गायक अंध आहे. काळा पोशाख, काळे केस, काळा चष्मा आणि दुःखाचीं गाणीं, या सर्वांमुळें त्याच्याभोंवतीं एक गूढ वलय निर्माण झालें. वस्तुतः मित्रांमध्यें तो हंसतमुख, चित्रपटांचा शौकीन आणि लहान विमानांच्या प्रतिकृति तयार करण्यांत रमणारा असा साधा गृहस्थ होता.

त्याच वर्षीं मे महिन्यांत इंग्लंडांत त्याचा दौरा झाला. त्या दौऱ्यांत 'बीटल्स' ही लिव्हरपूलच्या चार तरुणांची मंडळी त्याच्याबरोबर होती. इंग्लंडांत त्यांचें नांव तेव्हां झपाट्यानें वाढत होतें. मुख्य गायकानें सर्वांच्या शेवटीं गावें, हा रंगभूमीचा संकेत. आणि त्या मानानें शेवटची जागा ऑर्बिसनची होती. परंतु प्रेक्षकांचा कल पाहून ती जागा त्यानें बीटल्सना देऊं केली. मानपानाच्या या जगांत एवढ्या कारणावरून दौरे मोडलेले आहेत. येथें तसें कांहीं घडलें नाहीं. उलट पहिल्याच रात्रीं तो एकटा, न हालतां, हळू आवाजांत गाऊं लागला आणि प्रेक्षकांनीं त्याला पुन्हां पुन्हां परत बोलाविलें. पडद्यामागें बीटल्स आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे राहिले. या स्पर्धेंतून वैर निघालें नाहीं, मैत्री निघाली. जॉन लेनननें तर 'प्लीज प्लीज मी' हें आपलें गाणें प्रथम ऑर्बिसनच्या धर्तीवरच रचलें होतें. जॉर्ज हॅरिसनशीं जुळलेला स्नेह शेवटपर्यंत टिकला व पंचवीस वर्षांनीं त्यास अनपेक्षित फळ आलें.

१९६४ सालीं बीटल्सच्या लाटेपुढें अमेरिकेंतील कित्येक गायक दिसेनासे झाले. त्याच वर्षीं ऑर्बिसन व बिल डीस यांनीं रचलेलें 'ओ, प्रिटी वुमन' हें गाणें अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पहिल्या क्रमांकास पोंचलें. त्याच्या कीर्तीचें तें शिखर होतें.

आतां सालांचा क्रम पाहावा. ज्या गाण्यांवरून ऑर्बिसनला दुःखाचा गायक म्हणतात, तीं जवळजवळ सर्व १९६० ते १९६४ या पांच वर्षांतलीं आहेत. तेव्हां तो पंचविशीच्या आगेमागे होता. घरीं पत्नी होती, लहान मुलें होतीं, हातीं पैसा खेळत होता आणि जग त्याचें कौतुक करीत होतें. १९६४ च्या अखेरीस पतिपत्नींचा घटस्फोट झाला हें खरें; पण लवकरच तीं पुन्हां एकत्र आलीं. खरा आघात झाला तो त्यानंतर. ६ जून १९६६ रोजीं दोघेंहि आपापल्या मोटारसायकलींवरून घरीं परतत असतां टेनेसी संस्थानांतील गॅलटिन गांवीं क्लॉडेटच्या गाडीस अपघात झाला आणि ती मरण पावली. त्यानंतर सव्वादोन वर्षांनीं, सप्टेंबर १९६८ मध्यें, ऑर्बिसन इंग्लंडच्या दौऱ्यावर असतां हेंडरसनव्हिल येथील त्याच्या राहत्या घरास आग लागली व तिच्यांत त्याचे वडील दोन मुलगे गेले. तिन्ही मुलांपैकीं केवळ सर्वांत धाकटा वांचला.

म्हणजे दुःखाचीं गाणीं आधींचीं आहेत आणि दुःख नंतरचें आहे. त्या गाण्यांचा उगम स्वतःच्या शोकांत नव्हता. दुसऱ्याच्या मनांत शिरून त्याची व्यथा आपलीशी करण्याच्या शक्तींत होता. या शक्तीस आपल्याकडे सहृदयता म्हणतात, आणि मृदु स्वभावाच्या माणसास ती सहज लाभते. पुढें जेव्हां त्याच्यावर प्रत्यक्ष आकाश कोसळलें, तेव्हां तीं जुनीं गाणीं त्याला रात्रीमागून रात्र, हजारों लोकांसमोर म्हणावीं लागलीं. श्रोत्यांस त्याचा इतिहास ठाऊक असे व त्या शब्दांना आतां निराळा अर्थ येई. तरी रंगमंचावरून त्यानें आपल्या दुःखाचें भांडवल केलें नाहीं. गाणें जसें पूर्वीं म्हणत असे तसेंच, स्थिर उभें राहून, स्वर जागच्या जागीं लावून तो म्हणे.

जळालेल्या घराची जागा त्याचा शेजारी व जुना स्नेही जॉनी कॅश यानें विकत घेतली. तेथें त्यानें दुसरें घर बांधलें नाहीं. राहिलेले अवशेष काढून टाकून त्या जागीं फळबाग लाविली. शब्दांनीं सांत्वन करण्याच्या पलीकडचें असें कांहीं असतें, हें ओळखणाऱ्या मित्राची ती कृति होती.

१९६९ सालीं ऑर्बिसननें बार्बरा नांवाच्या जर्मन तरुणीशीं विवाह केला. नवा संसार उभा राहिला, पुन्हां मुलें झालीं. परंतु अमेरिकेंत त्याच्या गाण्याचे दिवस सरले होते. १९६५ सालीं एका मोठ्या संस्थेशीं केलेल्या करारांत अनेक तबकड्या काढण्याची व चित्रपटांत काम करण्याचीहि अट होती. त्यांतून निघालेला १९६७ सालचा चित्रपट साफ पडला, कारण नटाचें कसब त्याच्या अंगीं नव्हतें. अभिरुचि बदलली होती. संथ, करुण गाण्यांस मागणी उरली नव्हती. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील चाहत्यांनीं मात्र त्याला अंतर दिलें नाहीं. १९७८ सालीं त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मौज अशी कीं, गायक विस्मृतींत जात असतां त्याचीं गाणीं दुसऱ्यांच्या मुखानें जिवंत होतीं. लिंडा रॉन्स्टाट हिनें १९७७ सालीं 'ब्लू बायू' गाजविलें. डॉन मॅक्लीन यानें म्हटलेलें 'क्राइंग' १९८० सालीं इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. या वर्षांत ऑर्बिसननें जगाविरुद्ध कटु तक्रार केल्याचें आढळत नाहीं. जेथें बोलावणें येई तेथें जाऊन तो गात राहिला.

मग काळ फिरला. १९८६ सालीं डेव्हिड लिंच यांच्या 'ब्लू व्हेल्व्हेट' या चित्रपटांत 'इन ड्रीम्स' हें गाणें एका भयंकर प्रसंगीं योजिलें होतें. आपल्या सौम्य गाण्याचा असा उपयोग पाहून ऑर्बिसनला प्रथम धक्काच बसला. परंतु पुढें त्यांतील योजकता त्यानें मनमोकळेपणें मान्य केली. तरुण पिढीस या आवाजाची नव्यानें ओळख झाली. १९८७ च्या आरंभीं रॉक संगीताच्या सन्मान्य गायकांत त्याचा समावेश करण्यांत आला. त्या समारंभांत त्याचा गौरव करणारा ब्रूस स्प्रिंगस्टीन हा त्या काळचा अतिशय लोकप्रिय गायक. आपल्या १९७५ सालच्या एका गीतांत त्यानें ऑर्बिसनचें नांवच गुंफलें होतें.

त्याच वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं लॉस एंजल्स येथील 'कोकोनट ग्रोव्ह' या सभागृहांत ऑर्बिसनचा एक जलसा झाला व तो कृष्णधवल फीतीवर टिपण्यांत आला. त्या फीतीमध्यें एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळतें. मधोमध काळ्या चष्म्याचा ऑर्बिसन उभा आहे, आणि त्याच्या मागें साथ करावयास स्प्रिंगस्टीन, एल्व्हिस कॉस्टेलो, टॉम वेट्स, बॉनी रेट, जॅक्सन ब्राउन, के. डी. लँग असे गायक-गायिका उभे आहेत. यांपैकीं प्रत्येकाचें स्वतःचें नांव होतें. तरी त्या रात्रीं मागच्या रांगेंत उभें राहण्यांतच त्यांना धन्यता वाटत होती, हें त्यांच्या चेहऱ्यांवरून लपत नाहीं. ज्यानें १९६३ सालीं आपली जागा तरुणांस दिली होती, त्यास चोवीस वर्षांनीं तरुणांनीं ती परत आणून दिली.

हॅरिसनच्या जुन्या स्नेहास याच सुमारास फळ आलें. १९८८ सालीं जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी व जेफ लिन यांनीं सहज म्हणून एकत्र गाण्याचा बेत केला आणि ऑर्बिसनला आपल्यांत येण्याची विनंती करण्यास यांपैकीं कांहीं मंडळी अनाहाइम येथें त्याच्या कार्यक्रमास गेली. तो आनंदानें कबूल झाला. 'ट्रॅव्हलिंग विलबरीज' असें गमतीचें टोपणनांव घेऊन या पांच जणांनीं काढलेला गीतसंग्रह ऑक्टोबर १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला व तुफान खपला. त्याच वेळीं ऑर्बिसनचा स्वतःचा 'मिस्ट्री गर्ल' हा नवा संग्रहहि तयार झाला होता.

४ डिसेंबर रोजीं ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंडजवळ त्यानें जलसा केला. आणि दोनच दिवसांनीं हेंडरसनव्हिल येथें हृदय बंद पडून तो गेला. 'मिस्ट्री गर्ल' लोकांच्या हातीं पडला तो १९८९ च्या आरंभीं, आणि त्यांतील 'यू गॉट इट' हें प्रसन्न प्रेमगीत घरोघरीं ऐकूं येऊं लागलें. सर्व जग पुन्हां ऐकावयास बसलें, तेव्हां गाणारा उठून गेला होता.

त्याच्या मृत्यूनंतर विलबरी मंडळींनीं आपल्या एका गाण्याचें चित्रण केलें. आगगाडीच्या डब्यांत ते चौघे बसून गात आहेत. आणि ज्या ओळी ऑर्बिसनच्या आवाजांत आहेत, त्या वेळीं पडद्यावर एक झुलती खुर्ची दिसते. खुर्चींत माणूस नाहीं, त्याची गिटार ठेवलेली आहे. चौघांपैकीं कोणीहि त्या ओळी आपण म्हणण्याचा प्रयत्न केला नाहीं. लॉस एंजल्स येथें त्याचें दफन झालें, तेथील थडग्यावर त्याचें नांवहि कोरलेलें नाहीं.

मृदुतेस दुर्बळपणा समजण्याची चूक सर्वच समाजांत होते; आणि ज्या क्षेत्रांत आरडाओरड हेंच सामर्थ्याचें लक्षण मानलें जातें, तेथें ती अधिकच होते. ऑर्बिसन कोणावर ओरडला नाहीं. मेम्फिसमध्यें त्याचें ऐकलें गेलें नाहीं, तेव्हां तो निमूटपणें बाजूस झाला; इंग्लंडांत त्यानें आपण होऊन मान सोडला; नशिबानें पत्नी व मुलें हिरावून नेलीं, तरी मन कडू होऊं दिलें नाहीं; वीस वर्षें लोक विसरले, तरी गाणें सोडलें नाहीं. एकाच गोष्टींत त्यानें कधीं तडजोड केली नाहीं, आणि ती म्हणजे स्वर. तो त्यानें जेथें लावावयाचा तेथेंच, पूर्ण आवाजांत लाविला. बाकी सर्व बाबतींत जगास वाट करून देणारा हा संकोची माणूस त्या एका जागेवरून मात्र तसूभर हालला नाहीं.